केंद्रस्थानीचा धातू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण आम्हांस बोलण्याची आज्ञा केलीत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि नर्मदापरिक्रमेवर रसाळ व्याख्याने झाली. आमच्या वाट्याला मात्र रसायनशास्त्र आले. आणि त्यातलेही असे प्रकरण, की ज्याचे नाव फळ्यावर लिहिताच आमचे विद्यार्थी खिडकीबाहेर पाहू लागत. 'जटिल संयुगे' हे त्याचे नाव.

उत्सव सुवर्णाचा आहे, तेव्हा सोन्यावर बोलावे अशी कोणाची अपेक्षा असेल. परंतु सोने हा मोठा अलिप्त धातू. तो सहसा कोणाशी संबंध जोडीत नाही, म्हणूनच तो पिढ्यान् पिढ्या चकाकत राहतो. आज आम्ही ज्या धातूची कथा सांगणार आहोत, तो याच्या अगदी उलट आहे. तो गंजतो, रंग पालटतो, सोबत बदलली की आपले आकारमानही बदलतो. तो धातू म्हणजे लोखंड. आपल्या सिहोऱ्याच्या परिसरात ते खनिजरूपाने आहे, गन कॅरेज फॅक्टरीत १९०४ सालापासून ते घडवले जात आहे, आणि येथे बसलेल्या प्रत्येकाच्या शरीरात ते तीन-चार ग्रॅम आहे. एखादा लहानसा खिळा होईल, एवढेच. त्या खिळ्याभर लोखंडाला आपल्या देहात कोणते स्थान मिळाले आहे आणि त्या स्थानावरून ते जरासे हलले तर काय घडते, हा आजचा विषय आहे.

जटिल संयुग म्हणजे काय, हे प्रथम पाहू. कोबाल्ट धातूचे क्लोराइड आणि अमोनिया हे दोन्ही पदार्थ आपापल्या जागी पूर्ण आहेत. जुन्या नियमाप्रमाणे त्यांना एकमेकांची गरज नाही. तरीही ते संयोग पावतात, आणि अमोनियाच्या प्रमाणाप्रमाणे कधी पिवळे, कधी जांभळट लाल, कधी हिरवे स्फटिक देतात. एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञ या कोड्यापुढे थबकले होते. १८९३ साली आल्फ्रेड वर्नर या सव्वीस वर्षांच्या तरुणाने त्याचा उलगडा मांडला. सिल्व्हर नायट्रेट घातले की पिवळ्या पदार्थातील तिन्ही क्लोराइडे साक्याच्या रूपाने खाली बसतात, जांभळट पदार्थातील दोनच, आणि हिरव्यातील एकच. मग उरलेली कोठे गेली? वर्नर म्हणाला, ती धातूला प्रत्यक्ष बिलगून बसली आहेत. धातूच्या कणाभोवती, म्हणजे आयनाभोवती, ठराविक जागा असतात. कोबाल्टाभोवती त्या सहा आहेत: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. या सहा पाटांवर कधी अमोनिया बसतो, कधी क्लोराइड. या विचारासाठी वर्नरला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पाटांची ही उपमा आम्ही पुढेही वापरणार आहोत. पंगतीत पाट किती आणि ते कसे मांडावयाचे, हे पाहुणे ठरवीत नाहीत, यजमान ठरवतो. येथे यजमान म्हणजे मधला धातू. याचे स्वच्छ उदाहरण निकेल आणि प्लॅटिनम यांचे. दोघेही एकाच कुळातले, दोघांच्याही आयनांत बाहेरच्या कप्प्यांत आठच इलेक्ट्रॉन. दोघांपुढे तेच चार क्लोराइडचे पाहुणे आणून ठेवा. निकेल त्यांना चतुष्फलकाच्या, म्हणजे तिकोनी सुळक्याच्या चार टोकांवर बसवतो. प्लॅटिनम त्याच चौघांना एका सपाट चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बसवतो. पाहुणे तेच, संख्याही तीच; यजमान बदलला आणि मांडणी बदलली.

मांडणीतला हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. सपाट चौरसात दोन सारखे पाहुणे शेजारी बसू शकतात, किंवा समोरासमोर. चतुष्फलकात हा भेदच संभवत नाही, कारण तेथे प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारी असतो. प्लॅटिनमभोवती दोन क्लोराइड शेजारी आणि दोन अमोनिया शेजारी असे एक संयुग इटलीच्या पेरोनने १८४४ साली केले होते. सव्वाशे वर्षे ते बाटल्यांत पडून होते म्हटले तरी चालेल. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांच्या ध्यानात आले, की या जातीची संयुगे पेशींचे विभाजन थांबवतात. त्यातूनच 'सिसप्लॅटिन' हे कर्करोगावरील औषध निघाले आणि १९७८ साली ते वापरात आले. तेच पाहुणे समोरासमोर बसवलेले संयुग मात्र औषध म्हणून कुचकामी ठरले.

धातूधातूंत असा भेद का पडावा? तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: आयनावरील विद्युत्भार, त्याचे आकारमान आणि त्याच्या बाहेरच्या कप्प्यांतील इलेक्ट्रॉनांची संख्या. पाहुणेही आपले इलेक्ट्रॉन पुढे करूनच येतात. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून धातूचे इलेक्ट्रॉन पाहुण्यांच्या वाटेतून बाजूला होऊ पाहतात. पाहुणे प्रबळ असतील, तर ते पाहुण्यांच्या वाटेवरचे कप्पे सोडून मोजक्या कप्प्यांत जोडीजोडीने दाटीने राहतात. मग आयन आक्रसतो आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळल्यामुळे त्याचे चुंबकत्व मावळते. पाहुणे दुर्बळ असतील, तर इलेक्ट्रॉन सर्व कप्प्यांत ऐसपैस पसरतात. मग आयन फुगतो आणि चुंबकाकडे ओढला जातो. रंग हाही या कप्प्यांमधील अंतराचाच खेळ आहे. जस्ताच्या आयनाचे सर्व कप्पे भरलेले, म्हणून त्याची संयुगे बहुधा पांढरी. तांब्याचा एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून मोरचूद निळे. त्या मोरचुदाच्या प्रत्येक घटकात पाण्याचे पाच रेणू असतात; त्यांपैकी चार तांब्याभोवती चौरसात बसतात आणि पाचवा बाहेर ओसरीवर राहतो. तव्यावर मोरचूद तापवले की पाणी जाते आणि पांढरी भुकटी उरते. थेंबभर पाणी टाकले की निळाई परत येते. तांबे तेच, सोबत गेली आणि आली.

यजमान मांडणी ठरवतो हे खरे. पण पाहुण्यांमुळे यजमानाचीही प्रकृती बदलते, हे ध्यानात असू द्यावे. लोखंडाच्या बाबतीत तर हा तोल अगदी काठावर उभा असतो. त्याच्या एका प्रकारच्या आयनात बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन असतात. ते दाटीने राहावेत की पसरावेत, हे एखाद्या पाहुण्याच्या येण्याजाण्याने ठरू शकते. निसर्गाने नेमका हाच काठावरचा धातू आपल्या रक्तासाठी निवडला.

परंतु रक्तापूर्वी थोडे स्वयंपाकघराकडे वळू. अळूच्या फतफत्यात चिंच पडली की पानांचा हिरवा रंग मळकट होतो, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. पानांतील हरितद्रव्य म्हणजे नायट्रोजनच्या चार अणूंनी बांधलेले एक सपाट कडे आणि त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम. चिंचेतील आम्ल ते मॅग्नेशियम बाहेर काढते. कडे राहते, पण मधला धातू जातो आणि त्याबरोबर हिरवाईही. थोड्याफार फरकाने अशीच कडी निसर्गाने अनेक ठिकाणी वापरली आहेत. मध्ये मॅग्नेशियम ठेवले तर सूर्यप्रकाश पकडणारे हरितद्रव्य. त्याच कुळातल्या जराशा निराळ्या कड्यात कोबाल्ट ठेवले तर जीवनसत्त्व ब-१२, ज्याची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ साली उलगडली. आणि मध्ये लोखंड ठेवले तर रक्ताचा लाल रंग.

लोखंड आणि कडे तेच ठेवून केवळ एक पाट अडवला तरी काम कसे पालटते, याचे उदाहरण एका मराठी विदुषीच्या संशोधनात आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, आपल्याच मध्यप्रदेशात इंदूर येथे १९११ साली जन्मल्या. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला होता. त्यांनी तो आग्रहाने मिळवला, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. तेथे बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवले. या सायटोक्रोममध्येही लोखंडच आहे आणि तेही कड्यातच बसले आहे. चार पाट कड्याचे. वरचा आणि खालचा हे उरलेले दोन्ही पाट प्रथिनाच्याच हातांनी धरलेले. प्राणवायूला बसावयास जागाच नाही. म्हणून हे लोखंड प्राणवायू वाहून नेत नाही. ते एक इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते, आणि त्या देवघेवीवर पेशीचा श्वास चालतो.

हीमोग्लोबिनमध्ये मात्र सहावा पाट रिकामा ठेवला आहे. तो प्राणवायूसाठी. पाट रिकामा असतो तेव्हा लोखंडाचे इलेक्ट्रॉन पसरलेले, आयन फुगलेला. तो कड्याच्या मधल्या छिद्रात मावत नाही आणि पातळीच्या जरासा बाहेर राहतो. प्राणवायू येऊन बसला की इलेक्ट्रॉन जोड्या जुळवतात, आयन आक्रसतो आणि कड्याच्या पातळीत सरकतो. हे सरकणे किती? एका सेंटिमीटरचे पंचवीस कोटी भाग केले, तर त्यांतला सुमारे एक भाग. पण सरकताना ते आपल्याबरोबर प्रथिनाचा एक दुवा ओढते, तो दुवा साखळीला ओढतो, आणि चार साखळ्यांचा तो प्रचंड रेणू आपली बैठकच बदलतो. एका लोखंडावर प्राणवायू बसला की उरलेल्या तिघांना तो स्वीकारणे सोपे जाते. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियेल यांनी दाखवले, की प्राणवायू गमावलेल्या रक्ताला चुंबक ओढतो आणि प्राणवायूने भरलेल्या रक्ताला ओढत नाही. पुढे १९७० साली मॅक्स पेरुत्झ यांनी लोखंडाच्या या सरकण्याचा आणि रेणूच्या बैठकीचा संबंध जोडून दिला.

हाच रिकामा पाट घातकही ठरतो. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवून निजण्याची चाल होती, आणि अजूनही काही घरांत आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूच्या दोनशेपटीहूनही अधिक ओढीने त्या पाटावर बसतो आणि सहजी उठत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. एवढ्यासाठीच आम्ही आपणांस विनवतो, शेगडी खोलीबाहेर ठेवूनच झोपावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, तिकडे येतो.

आम्ही येथल्या एका महाविद्यालयात पुष्कळ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. पेरुत्झ यांचे काम पाठ्यपुस्तकांत आले होते, त्या सुमारास आमच्या वर्गात मंडला जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला एक आदिवासी विद्यार्थी होता. अक्षर सुंदर, गणित चोख. पण दर हिवाळ्यात आठ-पंधरा दिवस त्याची जागा रिकामी असे. परत आला की सांगे, हातपाय फार दुखत होते. एकदा भर वर्गात आम्ही म्हणालो, "परीक्षा जवळ आली की सगळ्यांचेच हातपाय दुखतात." वर्ग हसला. तोही हसला. पुढल्या वर्षी तो आला नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ प्रवेशासाठी आला, तेव्हा कळले की तो गेला. रोगाचे नाव फार उशिरा समजले होते: सिकलसेल.

त्या रात्री आम्ही आमच्याच टिपणांची वही उघडली. पंचवीस कोटी भागांतल्या एका भागाचे ते सरकणे तीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. ते आम्ही त्याला शिकवले होते, आणि त्याच्या शरीरात तेच घडत असताना आम्हांस ते दिसले नव्हते.

सिकल म्हणजे विळा. या रोगात हीमोग्लोबिनच्या दोन साखळ्यांत प्रत्येकी एका ठिकाणी, सहाव्या जागी, ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते. हा नेमका फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवला. प्राणवायू बसलेला असतो तोपर्यंत हा दोष बहुतांशी निद्रिस्त असतो. पण प्राणवायू उठला, लोखंड पातळीबाहेर सरकले, रेणूची बैठक बदलली की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. त्या खाचेत हे व्हॅलीन अडकते. मग रेणूला रेणू जोडला जाऊन लांब दोर वळले जातात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, ही त्याची निमित्ते. १९४५ साली रेल्वेच्या प्रवासात डॉ. विल्यम कॅसल यांनी पॉलिंग यांना सांगितले, की प्राणवायू कमी झालेल्या रक्तातच पेशी विळ्याचा आकार घेतात. रक्तातील लोखंडावर काम केलेल्या पॉलिंग यांच्या लगेच ध्यानात आले, की दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे. १९४९ साली त्यांनी तो सिद्ध केला.

हा रोग दूरदेशीचा नाही. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली झाली. १९५८ साली नागपूरहून शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी लिहिले. त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदत होते. प्रांताची सीमा बदलली, रक्ताची नव्हे. मंडला, दिंडोरी, शहडोलपासून गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारपर्यंत हा आजार पसरलेला आहे. तो केवळ आदिवासींचा आहे, असेही कोणी समजू नये. विदर्भात इतर समाजांतही तो आढळतो. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी १९८४ साली आपल्या जबलपुरातच एक केंद्र स्थापन झाले. आज ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य अनुसंधान संस्थान म्हणून ओळखले जाते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे.

या तपासणीची पहिली पायरी आम्हां रसायनवाल्यांना फार जवळची वाटते. रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात टाकतात. हे द्रव्य प्राणवायू काढून घेते, म्हणजेच सहावा पाट रिकामा करते. निरोगी हीमोग्लोबिन विरघळलेलेच राहते. विळ्याचे हीमोग्लोबिन असेल, तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. शिरांमध्ये जे घडते, तेच येथे काचेच्या नळीत घडवून पाहावयाचे. ही चाचणी वाहक आणि रोगी यांत भेद करू शकत नाही, म्हणून पुढची तपासणी आवश्यक असते. वाहक माणूस सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. पण पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रोग झालेल्यांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे; त्याने वेदनांचे झटके कमी होतात. वेळीच नाव कळले, तर पुष्कळ करता येते.

सज्जनहो, आमचे मागणे लहानसे आहे. पन्नास वर्षांत या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसवली, ग्रंथालय चालवले, परगावच्या विद्यार्थ्यांना घरोघरी जेवणाचे वार लावून दिले. आता त्यात एका कामाची भर घालावी. वर्षातून एक दिवस हे सभागृह या तपासणीसाठी मोकळे ठेवावे. ते केवळ मराठी माणसांसाठी न ठेवता, शिक्षणासाठी आणि मजुरीसाठी या शहरात येणाऱ्या सर्वांसाठी ठेवावे. मंडळातील विवाह जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पत्रिकेबरोबर रक्ताची ही एक चिठ्ठीही मागावी. आणि आपल्यात जे शिक्षक आहेत, त्यांनी हिवाळ्यात एखादी जागा वारंवार रिकामी दिसली, तर हजेरीपटावर रेघ ओढण्यापूर्वी त्या मुलाला जवळ बोलावून विचारावे.

आम्ही ते विचारले नाही. तेवढे सांगण्यासाठीच आज येथे उभे राहिलो.